दुपारची वजनं

८ एप्रिल १९६३

पोचले एकदाची! मुकुटबनपर्यंत मोटार आणि पुढे सात मैल बंडी. बंडी तांड्यातल्या प्रेमसिंगची. वाटेतलं मोहाचं एकेक झाड तो घरचं माणूस असल्यासारखं दाखवत होता. शेवटच्या मैलात त्याने हळूच सांगितलं की घरी बायकोला आठवा लागलाय, पहिलंच आहे. मी म्हटलं, मग इथलं माझं पहिलं बाळंतपण तुमच्याच घरचं. तो लाजला आणि उगाच बैलांवर ओरडला.

केंद्र इतकं नवं आहे की चुन्याचा वास अजून गेलेला नाही. तांड्यापासून दोन फर्लांग लांब, पांढऱ्या मुरमाच्या उंचवट्यावर दोन खोल्या, पुढे पडवी, वर कवेलूंचं छप्पर. एका खोलीत मी. दुसरीत बाळंतपणाची लोखंडी खाट, कात्र्या, उकळायची भांडी, मांजरपाटाचा अख्खा तागा आणि तान्ह्या मुलांचा वजनकाटा. वर गोल तबकडी, तिच्यावर आत पौंड आणि बाहेर नवे किलो, खाली साखळ्यांना टांगलेलं पितळी पारडं. नागपूरला शिकताना आम्हा अठरा जणींत मिळून एक काटा होता. हा माझ्या एकटीचा.

मदतीला तुळसाबाई आहे, जवळच्या खेड्यातली, पन्नाशीची, बोलकी. तिने भाकर आणि अंबाडीची भाजी आणली. दारावर पाटी लागली आहे: कु. कौसल्या रामटेके, परिचारिका-प्रसाविका. बाबांना पत्रात ती पाटी जशीच्या तशी उतरवून पाठवली. गिरणीत सगळ्यांना दाखवतील.

१४ एप्रिल

आज जयंती. नागपूरला केवढी मिरवणूक असेल! मी इथे फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि एकटीनेच त्रिशरण म्हटलं.

आठवडा झाला, केंद्रात एकही बाई आलेली नाही. रोज सकाळी मी तांड्यात जाते. बाया खाट टाकतात, पाणी देतात, माझं घड्याळ हातात घेऊन बघतात. या म्हटलं की हो म्हणतात, आणि येत नाहीत. बिजलीबाई, म्हणजे प्रेमसिंगची बायको, तिला तपासायला बोलावलं तर सासूकडे बघून पदर पुढे ओढून बसली.

तुळसाबाईसुद्धा अकराच्या पुढे थांबत नाही. ऊन फार होते, म्हणते. तिच्यानंतर संध्याकाळपर्यंत मी आणि भिंती.

मनात येऊ नये ते येतं. माझी जात कळली असेल का यांना? धर्म बदलून सात वर्षं होत आली, पण माणसं विचारायची थांबली नाहीत.

२५ एप्रिल

काम नसण्याचंही काम असतं, हे मला ठाऊक नव्हतं. पहाटे उठून पडवी सारवते. कात्र्या उकळते. कोणी वापरलेल्या नाहीत, तरी उकळते. मांजरपाटाच्या तेवीस घड्या घातल्या, मोडल्या, पुन्हा घातल्या. वजनकाट्यावर जे दिसेल ते जोखते. कांदे, माझी चप्पल, तुळसाबाईची तंबाखूची चंची, पाण्याने भरलेला तांब्या. आता हातात धरूनच पावपौंडाचा फरक सांगता येतो.

दुपारी बारा ते तीन सर्वांत वाईट. पाखरूसुद्धा बोलत नाही. पगार घेऊन नुसतं बसायची लाज वाटते.

३० एप्रिल

महिन्याचा अहवाल वणीला पाठवला. तपासण्या निरंक. बाळंतपणं निरंक. गृहभेटी सदतीस लिहिल्या, तेवढाच आधार.

४ मे

आज एक चमत्कारिक गोष्ट झाली. दुपारी पडवीत डोळा लागला होता. साखळ्या कुरकुरल्या म्हणून आत गेले, तर पारडं खाली ओढलं गेलेलं. पारड्यात काही नाही. काटा साडेचार पौंडांवर स्थिर. वारा नव्हता. मी बघत उभी राहिले. साधारण दहा मिनिटांनी पारडं हळूच वर आलं, कोणीतरी अलगद उचलून घ्यावं तसं.

स्प्रिंग बिघडली असणार. दोन पौंडांचा कापसाचा पुडा ठेवून पाहिला. बरोबर दोन दाखवले.

६ मे

पुन्हा. साडेबारा वाजता साडेचार. एक वाजता सव्वापाच. नंतर फक्त तीन. तीन पौंडांचं मूल जगत नाही.

हे मी काय लिहिलं?

९ मे

आज सहा वेळा. भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर मी साडेअकरापासून वाट बघत होते. पारड्यात मांजरपाटाची मऊ घडी घातली. वहीच्या मागच्या पानावर वेळ आणि वजन लिहिते. साडेचारवालं नेहमी पहिलं येतं. सात पौंडांचं एक आहे, ते स्थिर राहत नाही, काटा थरथरतो, पाय झाडल्यासारखा. आज त्याला म्हटलं, थांब रे बाळा, एवढं बघू दे.

इथे आल्यापासून पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

१२ मे

तुळसाबाईने वहीचं मागचं पान पाहिलं. तिला वाचता येत नाही, पण पारड्यातली घडी आणि घडीत पडलेले एवढे एवढे खळगे तिला दिसले. ती तशीच पडवीत गेली, चपलासुद्धा हातात घेऊन. म्हणाली, बाई, मले माफ करा, मी उद्यापासून येत नाही, आन तुमीबी राहू नोका.

काहून, ते सांगेना. तांड्यातल्या हंसाबाईला विचारा, एवढंच.

१३ मे

हंसाबाई तांड्यातली जुनी सुईण. साठीकडे झुकलेली असेल. मी तिला माय म्हणते. मग मीच विचारलं की माझ्या हातचं चालत नाही म्हणून बाया येत नाहीत का. ती एकदम उठली आणि माझे दोन्ही हात धरले.

म्हणाली, "तुह्या जातीचं काई नाही त्यात, पोरी. जागा खराब हाय. मानमोडीच्या साली मी दहा-बारा वर्साची होती. घरोघरी मानसं पडून होती. लेकरं मेली त आया तापात. कोनी मांडीवर घेतलं नाही, कोनी रडलं नाही, टोपल्यात घालून नेलं आन त्या पांढऱ्या मुरमात पुरलं. माह्या दोन बहिनीबी तिथंच हायेत. सरकारी मानसं जागा पाहाले आली तवा तांड्याच्या लखीराम नाईकानं हात जोडून सांगतलं, तिथं बांधू नोका. त्याईले फुकटची मोकळी जागा दिसली."

मानमोडी म्हणजे अठरा सालचा साथीचा ताप. किती लेकरं, असं मी विचारलं. ती म्हणाली, मोजाले कोन होतं?

मी तिला वहीतल्या सतरा वजनांचं सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला. सांगितलं की यापुढे त्यांच्याशी बोलू नकोस, आणि दुपारी तिथे थांबू नकोस.

१४ मे

पारडं काढून पेटीत ठेवलं. बदलीचा अर्ज लिहिला. दुपारभर तांड्याजवळच्या लिंबाखाली बसून राहिले. एवढ्या लांबूनही साखळ्या ऐकू येत होत्या.

१९ मे

मुलगा! पहाटेपासून बिजलीबाईच्या पोटात कळा होत्या. मूल पायाळू. हंसाबाईने स्वतः प्रेमसिंगला मला आणायला धाडलं. बाळंतपण तांड्यातच, त्यांच्या झोपडीत. दोघींनी मिळून केलं, तिचे हात पोटावर आणि माझे खाली. पाय आले, हात आले, डोकं अडलं. बिजलीबाईने माझ्या दंडात नखं रुतवली. मग सुटलं. निळा होता. मी तोंडातला चिकटा काढला, पाठ चोळली, आणि काय रडला! बाहेर लखीराम नाईकाने डफ आणायला सांगितला.

मला गूळ भरवला. बाया आपणहून माझ्याभोवती बसल्या. तिघींनी आपल्या बाळंतपणाच्या तारखा विचारल्या.

मी फार खुशीत होते. त्या खुशीत प्रेमसिंगला सांगून बसले की नियमाप्रमाणे मुलाचं वजन केलं पाहिजे, उद्या सकाळी केंद्रात आण. मला अहवालात लिहायचं होतं. पहिलं बाळंतपण, वजन इतकं.

वजनकाटा मीच त्याच्या घरी आणते, असं म्हणता आलं असतं. सुचलंच नाही. नाही, सुचलं होतं. दोन फर्लांग ते ओझं कोण वाहणार, असं वाटलं.

२० मे

तो बाळाला घेऊन आला तेव्हा साडेअकरा झाले होते. हंसाबाईला न सांगता आला. मी पारडं लावलं. लवकर उरकू म्हटलं.

साडेसहा पौंड. छान.

मग काटा हलला. नऊ. साखळी कुरकुरली. तेरा. अठरा. बाळ रडायचं थांबलं आणि कुशी बदलल्यासारखं एका कडेला सरकलं, कोणाला तरी जागा द्यावी तसं. काटा तबकडीच्या शेवटी, पंचवीसवर जाऊन अडकला आणि वजनकाटा टांगलेली आढ्याची खुंटी वाकली.

मी झडप घालून उचललं. भरलेल्या घागरीसारखं होतं. प्रेमसिंगच्या हातात दिलं, तो झोकांडला आणि हसला. पैलवान हाय, म्हणाला.

मी वहीत साडेसहाच लिहिले.

तो गेल्यावर तीन वाजेपर्यंत पारड्यासमोर बसले. ते हललं नाही. खोली रिकामी.

२३ मे

बाळाच्या झोळीचा दोर तुटला. दुसरा बांधला, तोही. बिजलीबाईच्या मांडीवर काळेनिळे डाग. त्याला छातीशी धरायला दोन माणसं लागतात. आणि तो वाळतोय. बरगड्या मोजता येतात. दूध ओढायला श्वास पुरत नाही. छातीवर कोणी बसल्यासारखा —

बदलीचं उत्तर आलं. मंजूर. उद्या मुकुटबनला सोडशील का, असं प्रेमसिंगला विचारायला गेले होते. विचारलं नाही.

२५ मे

हंसाबाई माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती. आज बोलली. रागाने नाही. म्हणाली की तू त्यांना पारड्यात घेतलंस, बाळा म्हटलंस, पण मांडीवर घेतलं नाहीस. बिजलीच्या पोराला मांडी होती. त्याच्यासंगं गेले.

त्यांना परत कसं आणायचं, विचारलं. तिने माझ्या मांडीवर हात ठेवला. मग डोळे पुसले. म्हणाली, "मीच मांडी देऊन बसली असती पोरी. पन मले पाहून त्याईले समजते मी कोनाची. माह्या बहिनी हायेत त्यात. मी तवा त्याईले टाकून पळून गेलती, माह्या मांडीवर येनार नाहीत."

बाळाचा श्वास मिनिटाला सत्तर. नखं निळी.

२६ मे

ट्रंक भरली. रिकामी केली.

बाबांना पत्र. पाटीबद्दल काही लिहिलं नाही.

२७ मे

अकरा. अंघोळ केली. बाळाला प्रेमसिंग आणि त्याचा भाऊ घोंगडीत घालून उंचवट्याच्या पायथ्याशी आणतील. वर येऊ नका, सांगितलंय. मी उंबऱ्यावर बसले आहे, दोन्ही पाय पसरून, बाळाला न्हाऊ घालायला बसतात तशी. वही उजव्या हाताला.

साडेअकरा. आणलं. बिजलीबाई पण आली आहे. तिला उभं राहवत नाही.

बारा. मी हाक मारली. काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं. या रे, म्हटलं. इकडे मांडी आहे.

बारा पाच. काही नाही.

बारा दहा. साडेचारवालं. ओळखलं. डाव्या मांडीवर. गार आहे, रांजणातल्या पाण्यासारखं. भीती वाटली नाही. म्हणजे वाटली, पण —

सात पौंडांचं. पाय झाडतंय.

तीन. किती हलकं. हे जगलंच नसतं. थोपटलं.

सव्वाबारा. खाली बाळ रडलं! मोठ्याने! प्रेमसिंग ओरडतोय, बाई, हलका झाला, पितो, पितो! बिजलीबाई तिथेच धुळीत बसून त्याला पाजते आहे. मी हात हलवला. जा म्हटलं. लवकर जा, घरी जा.

गेले. बरं झालं.

साडेबारा. सतरा झाली. माझ्या वहीत होती तेवढी सगळी. आता हळूच उठावं —

उठता येत नाही. पाय कळत नाहीत.

पाऊण. अठरा, एकोणीस. नवीन. या कधी पारड्यात आल्या नव्हत्या. दोघी बरोबरच. एकमेकींना धरून.

एकवीस. पोटावर. खांद्यावर एक, गळ्याला मिठी. केसांचा वास येतो मुरमासारखा.

एक. हंसाबाई खालून हाका मारते आहे. वर येते आहे. नको म्हणायला श्वास —

मोजणं सोडलं. रडतात सगळी. इतक्या वर्षांचं. थोपटायला हातच दोन. उजवा लिहितोय म्हणून तो मोकळा नाही, तर तो पण

तो पण मागतात —