टेलिव्हिजनमधला कांदा

लंडन, २० मार्च १९३८

तीर्थरूप देवीदासदादा,

इथूनच पाय धरतो. मी बरा हाय, दोन वक्त पोटभर जेवतो, आईले सांगजा.

पन या घरमालकिणीनं डोक्शाचा पार भुगा केला! तिनं टेलिव्हिजन घेतला, म्हनजे चित्र दिसनारा रेडिओ. दुपारी एक तास चालते, रात्री एक तास. मधी काईच नाई, तरी बाई दिवसभर खिडक्यांचे पडदे लावून आमाले अंधारात बसवते. चहाबी अंधारातच!

काल त्यात एक मानूस कांद्याचं रोप लावून राहिला होता, तेबी मानेपर्यंत गाडून. मी ओरडलो, "अरे, वर लाव, कांदा पोसनार नाई!" तर मालकीण मलेच चूप म्हने.

चित्र सारखं हालते, म्हनून त्या मानसाचा हात थरथरत होता. मले बाबाच दिसले.

दादा, बाबाचा हात थरथरते असं दिवाळीत तुमीच लिहिलं. त्यानंतर तुमची तीन पत्रं आली, तिन्हीत नुसतं 'सगळं ठीक'. काहून असं करता? आपल्या हिवरखेडच्या मळ्यात दरसाल बाबाच कांद्याचं रोप लावते; यंदा कोनं लावलं, तेवढं खरं लिहा.

तुमच्यावर चिडलेला,
सहदेव