घरात मूल आहे हे कळलंच नाही

प्रिय ताई,

माझं अक्षर बघून दचकशील. सातवीत शाळा सुटली त्यानंतर सामानाच्या यादीपलीकडे मी काही लिहिलेलं नाही. पण तुमच्याकडे फोन दाजी उचलतात, आणि हे त्यांच्या कानावर घालायचं नाही मला. खालचा टॅक्सीवाला तुमच्या बाजूला जातो, त्याच्या हाती देते. चुका सांभाळून घे.

माझं बरं चाललंय असं मी दर वेळी सांगते, ते अगदीच खोटं नाही. ठकीचा बाप निघून गेला तेव्हा मालकीणबाईंनीच जिन्याखालची ही खोली दिली. वरच्या दोन खोल्यांत दोन-चार दिवसांचे पाहुणे येतात, मोबाइलवरून खोली घेतात. मी चादरी बदलायच्या, न्हाणीच्या जाळीतले केस काढायचे, टॉवेलांच्या घड्या घालायच्या, किल्ली पेटीत ठेवायची. पाहुणे जाताना मोबाइलवर तारे देतात. पाच दिले तर ठीक. चार दिले की घरात सुतक. सरासरी खाली आली की खोली यादीत तळाला जाते, मग कोणी घेत नाही. एकानं स्टेशन लांब आहे म्हणून तारा कापला. स्टेशन काय मी कडेवर घेऊन येऊ? एकीनं दोन दिवस पाऊस होता म्हणून तीनच दिले. पाऊससुद्धा माझ्याच नावावर. दर सोमवारी मालकीणबाई येतात, जिन्यात उभ्या राहून सगळ्यांचं लिहिलेलं मोठ्यानं वाचतात आणि मी मान खाली घालून ऐकते. बाईंना मी वाईट म्हणत नाही. त्यांचंही पोट त्या ताऱ्यांवरच आहे.

खरं संकट आणलं ते सगळ्यात भल्या माणसानं. एक रिटायर मास्तर आले होते, बायकोला घेऊन. ठकीला मांडीवर घेऊन चमचे वाजवायचे. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, मला रडूच आलं. आणि सोमवारी बाईंनी वाचलं, चार तारे. खाली लिहिलेलं, सगळं उत्तम, खालच्या बाळाच्या गोड बडबडीनं पहाटे जाग येते. ताई, त्यांनी कौतुक केलं होतं गं! बाई म्हणाल्या, लोक याला आवाज म्हणतात, आवाज. मी हिंमत करून मास्तरांना फोन लावला. ते हसले. म्हणाले, अगं पोरी, चाळीस वर्षांत मी कोणाला पैकीच्या पैकी दिले नाहीत, पाचातले चार म्हणजे पहिला वर्ग. मी म्हटलं, इथे चार म्हणजे नापास हो. ते म्हणाले, मग तो कायदाच चुकीचा आहे, चुकीच्या कायद्यापुढे मी वाकणार नाही. वर ठकीला पापा द्यायला सांगितला. त्यांचं तत्त्व राहिलं. बाईंनी मला सांगितलं, पोरीबद्दल आणखी एक ओळ आली तर खोली रिकामी करायची.

तेव्हाच ठकीला दाढा येत होत्या. दिवसभर किरकिर. वरचे पाहुणे दुपारी झोपायचे आणि मी तिला उशीत दाबून धरायची, घामाघूम व्हायचो दोघी. एक पाहुणी सर्दीच्या औषधाची बाटली न्हाणीत विसरून गेली होती. प्यायलं की झोप येते, एवढं मला माहीत होतं. मी थोडंसं पाजलं. ताई, पोर संध्याकाळपर्यंत हलली नाही. त्या पाहुण्यांनी पाच तारे दिले आणि लिहिलं, एवढी शांत जागा बघितली नाही, घरात मूल आहे हे कळलंच नाही. बाईंनी ते दोनदा वाचलं. म्हणाल्या, बघ, मनात आणलं की जमतं. मी हसले. मला आनंद झाला होता, तुझी शपथ.

मग सवयच लागली. पाहुण्यांची बॅग जिन्यावर वाजली की माझा हात फळीवरच्या बाटलीकडे जायचा. पाच तारे, पाच तारे, पाच तारे. गेल्या गुरुवारी मी चादरी वाळत घालून आले तरी ती तशीच पडलेली. ओठ निळसर. गालावर मारलं, पाणी मारलं, नावानं ओरडले तरी डोळा उघडेना. उचलून दवाखान्यात पळाले. डॉक्टरीण बाई परत परत विचारत होत्या, काय दिलंस, काय दिलंस. मी म्हटलं, काहीच नाही. पोर मरत होती आणि मी खोटं बोलत होते. कारण खरं सांगितलं तर पोलीस येतील, मग बाई, मग रस्ता. शेवटी ठकी रडली. पण तेव्हापासून ती बडबडत नाही. चमचा वाजवला तर नुसती बघते.

तुला मूल होत नाही म्हणून ठकी झाल्यावर तू म्हणाली होतीस, दोन वर्षं माझ्याकडे ठेव, तू पायावर उभी राहा. तेव्हा मी काय काय बोलले ते तुलाही आठवतंय आणि मलाही. वांझेची नजर असं म्हटलं होतं मी तुला. माफी मागायची लाज वाटते, म्हणून मागत नाही. फक्त तिला घेऊन जा. उद्याच ये, जमलं तर सकाळीच, कारण दुपारी वर आठ दिवसांचे पाहुणे येतायत. तिचे कपडे पिशवीत भरून ठेवलेत. डॉक्टरांकडे तू घेऊन जा, आणि औषधाचं खरं खरं सांग, माझं नाव घेऊन सांग. ती रडली तर रडू दे, ताई. गप्प करू नकोस. आज सकाळी ती बाटली ओतून द्यायला मी मोरीपाशी गेले होते. झाकण उघडलं, थोडा वेळ उभी राहिले, आणि झाकण लावून परत फळीवर ठेवली. म्हणून हे पत्र.

तुझीच,
धाकटी