ब्रेक नसलेली बाटली

मांद्रे,
४ ऑक्टोबर २०१३

चि. गोकुळदास यास,

ताईचे अ. उ. आ. हे आशीर्वाद आधी घेऊन ठेव, कारण पुढच्या मजकुरात ते सापडणार नाहीत.

फोनवर मी बोलायला लागले की तुला नेमका आवाज येत नाही आणि तू कापतोस. कागद कापता येत नाही. फाडायचा असला तर फाड, पण आधी वाचावा लागेल. मी चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यावर माझं भागतं. तूही पत्रानेच उत्तर दे. फोनवर तू नुसता हो-हो करतोस.

चवथीचे गणपती पोचवून झाल्यावर तू आमच्या सोप्यावर, पाहुणे येऊन बसतात तिथेच, ती काचेची पेटी मांडून गेलास. सांगितलंस काय, तर ताई, माशांना दोन वेळा चिमूटभर खाणं टाक. बाटलीचं नाव काढलं नाहीस. पाण्यातल्या गवताला वायू पाहिजे म्हणून साखर आणि पाव फुगवायचं यीस्ट बाटलीत कालवायचं, झाकणाला भोक पाडायचं आणि नळी माशांच्या पाण्यात सोडायची, ही अक्कल तुला कोणी दिली? नेटवर बघितलंस म्हणे. आमच्या खोल्यांत उतरणाऱ्या बायाही नेटवर बघतात आणि अंगणात डोक्यावर उभ्या राहतात. म्हणून मी राहिले का?

ऊन चढलं की तुझी बाटली वेड लागल्यासारखे बुडबुडे सोडते. ऊन उतरलं की मेल्यासारखी गप्प. साखरेला मुंग्या लागल्या, त्या सोप्यावरून पाहुण्यांच्या खोलीत गेल्या. तिथली गोरी बाई मुंग्यांना मारू नका म्हणते. म्हणजे मी त्यांना पाट मांडून जेवायला वाढू?

आता खरं बोलते. भाग्यलक्ष्मीने मला सगळं सांगितलं आहे. बायको सांगते आणि भाऊ लपवतो, ही तुझी तऱ्हा. खाणी बंद होऊन वर्ष झालं. तुझा ट्रक परसात उभा, त्याच्या खाली कोंबड्या बसतात. दिवाळीच्या आधीच्या रविवारी नारायणबाब ही पेटी बघायला येणार, ते इथल्या किनाऱ्यावर नवीन हॉटेल उघडतायत ना, तेच. त्यांना जवळ पडावं म्हणून पेटी माझ्या सोप्यावर. त्यांना आवडली तर हॉटेलातल्या सगळ्या पेट्या सांभाळायचं काम तुझं. नाही आवडली तर विठ्ठल कंत्राटदाराबरोबर तू ओरिसाच्या खाणीवर ट्रक चालवायला जाणार, भाऊबीजेच्या संध्याकाळच्या गाडीने. दोन मुली लहान, भाग्यलक्ष्मी एकटी. आणि हे सगळं तू टांगलंस कशावर, तर सरबताच्या रिकाम्या बाटलीवर.

माया आहे ती आहेच. तिला साखर-यीस्ट घालावं लागत नाही.

तुझी,
ताई


डिचोली,
८ ऑक्टोबर २०१३

ती. सौ. ताईस,

गोकुळदासचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र भाग्यलक्ष्मीने मोठ्याने वाचलं. मुली हसून लोळल्या, त्यामुळे मला रागवायला जागाच उरली नाही. धाकटी आता रोज विचारते की आत्या मुंग्यांना काय वाढणार.

ओरिसाचं तुला सांगणार होतो. तू काय म्हणशील ते ठाऊक होतं, म्हणून पुढे ढकलत गेलो. सध्या शाळेची बस चालवतो, ती दुसऱ्याच्या जागेवर. तो माणूस दिवाळीनंतर परत येणार. मग मी कुठे जाऊ? इथे प्रत्येक घरासमोर एक ट्रक उभा आहे आणि प्रत्येक ट्रकामागे माझ्यासारखा एकजण बसला आहे.

वायू मिळाला की झाडं कशी दिसतात ते तू पाहिलं आहेस. पानापानाला बुडबुडे चिकटतात. नारायणबाबांना तेच दाखवायचं आहे. दुकानात वायूचा सिलिंडर मिळतो, त्याला चावी असते, हवा तेव्हा सोडायचा, हवा तेव्हा बंद. पण तो माझ्या ऐपतीत नाही, म्हणून बाटली.

तू फक्त एवढं कर. संध्याकाळी पेटीचा दिवा मालवलास की नळी पाण्याबाहेर काढ, कारण अंधारात झाडं वायू घेत नाहीत आणि मासे गुदमरतात. हवेचा पंप लाव. सकाळी नळी परत आत सोड. बाटली उघड्या जनेलापासून लांब ठेव, ऊन लागलं की ती उधळते. जोर कमी झाला की नवी साखर, नवं यीस्ट. गळ्यापर्यंत मात्र भरू नको, फेस नळीत चढेल. बाकी काही नाही.

भावोजींना नमस्कार. मोठ्या बहिणीने बोलून घ्यावं आणि लहान भावाचं काम करावं, अशी रीत आहे. तू अर्धी पाळली आहेस, उरलेली पाळ.

तुझा,
गोकुळदास


मांद्रे,
१८ ऑक्टोबर २०१३

चि. गोकुळदास यास,

अ. उ. आ. मी बरी आहे. मासे बरे नाहीत.

बाकी काही नाही, असं तू लिहिलंस. बाळंतिणीचं इतकं करावं लागत नाही रे. नळी काढा, नळी घाला, पंप लावा, ऊन बघा, सावली बघा. मी खोल्यांच्या चादरी धुवायच्या, पाहुण्यांची न्याहारी करायची, की तुझ्या बाटलीची नाडी बघत बसायचं? दसऱ्याच्या दिवशी झेंडूच्या माळा करण्यात नळी काढायची राहिली. सकाळी बघते तर सगळे मासे वर येऊन तोंडं उघडून आ-आ करतायत, जत्रेत हरवलेल्या पोरांसारखे. दोन मेले. मी ते माडाच्या मुळात पुरले. तेवढाच त्यांचा उपयोग झाला.

परवा आणखी मजा. नळी कुठेतरी दबली असणार, बाटली फुगून टणक झाली आणि झाकण उडालं. भिंतीवर, छपरावर, नुकत्या धुतलेल्या उशांवर आंबूस पाणी. ती गोरी बाई अंगणात डोळे मिटून बसली होती, ती फटाका समजून खाली आडवी झाली. आता तिला शांती कुठून मिळायची.

काचेला हिरवा बुरा धरलाय. तुझी झाडं दिसत नाहीत, बुराच दिसतो. तुझा वायू एक दिवस पोटभर येतो, दुसऱ्या दिवशी उपास. अशा घरात माणूस धड वाढत नाही, गवत काय वाढणार? वाढतो तो बुरा. त्याला कशाचंच काही वाटत नाही.

आमचे हे मात्र खूष. म्हणतात, पोराने काहीतरी नवीन केलंय, करू दे. ह्यांना सगळ्याचंच कौतुक. स्वतः काही करायचं नसलं की माणसाचं मन मोठं होतं.

एक विचारते, त्याचं उत्तर तुझ्या मनातच दे. तू इतकी वर्षं खनिजाचा भरलेला ट्रक घाटातून उतरवलास. ब्रेक नसलेला ट्रक मालकाने तुला दिला असता, तर तू नेला असतास का? त्याच्या तोंडावर चावी फेकून घरी आला असतास. मग ही बाटली काय आहे? सुरू केली की तिची ती चालते, थांबव म्हटलं तर थांबत नाही, जोर कर म्हटलं तर करत नाही. तू डायव्हर आहेस की नुसताच टपावर बसणारा?

यीस्टची पुडी दमट होऊन तिचा गोळा झालाय. त्या रविवारच्या आत दुसरी पाठव. तुझ्या नारायणबाबांसमोर माझी नाचक्की नको, म्हणून मागते. बाटलीसाठी नाही.

मुलींना माझ्या वतीने जवळ घे. तू स्वतः लांबच बस.

ताई


डिचोली,
२८ ऑक्टोबर २०१३

ताईस,

नमस्कार.

काल चहा न घेता निघालो, त्याचं तुला वाईट वाटलं असेल तर वाटू दे.

मी यीस्ट जयरामच्या बसने पाठवलं होतं. बस वाटेत बंद पडली, पुडी वेळेत पोचली नाही, तो दोष जयरामचा नाही आणि तुझाही नाही. पण मी नारायणबाबांना घेऊन सोप्यावर चढलो तेव्हा पेटीत पाणी नव्हतं, ताक होतं. मासे सगळे उलटे. आणि वास आला सुराचा, आंबलेल्या माडीचा. ताई, माडाचा सूर आपण होऊन बाटलीत जात नाही.

तू घरात नव्हतीस. आदल्या दिवशी हळर्णला बारशाला गेलीस म्हणे. मी रागाने निघालो तेव्हा तू बसमधून उतरत होतीस. मी बघितलं, पण थांबलो नाही. नेमक्या त्याच दिवशी तुला घराबाहेर राहायचं होतं. पहिल्यापासून तुला ही बाटली नको होती. आता ती राहिली नाही.

नारायणबाबांनी पेटीकडे बघून विचारलं, हे काय. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, ही घरची बाटली आहे, हिला ब्रेक नाही, माझी बहीण पहिल्या दिवसापासून बजावत होती, मी ऐकलं नाही. तुमच्या हॉटेलात मी ही लावणार नाही. ते नुसते बरं म्हणाले आणि गाडीत बसले.

विठ्ठलला हो म्हणून कळवलं आहे. कपडे बांधायला काढलेत. भाऊबीजेला येणं जमेल असं वाटत नाही. फोन बंद ठेवला आहे, कुणाशी बोलायला तोंड नाही.

गोकुळदास


मांद्रे,
३० ऑक्टोबर २०१३

चि. गोकुळदास यास,

अ. उ. आ. तू नमस्कार कोरडा केलास, मी आशीर्वाद कोरडे करत नाही. मोठी आहे.

मी मुद्दाम केलं म्हणतोस. मला तुझं वाटोळं करायचं असतं तर मी काही करायलाच नको होतं. नुसती तुझी बाटली तुझ्या सांगण्याप्रमाणे चालू द्यायची होती. तिने ते काम माझ्यापेक्षा नीट केलं असतं.

आता ऐक. शनिवारी मी हळर्णला गेले ती वत्सलाच्या नातवाच्या बारशाला, आणि उशीर झाला म्हणून तिथेच राहिले. जाताना ह्यांना बजावलं, बाटलीला हात लावू नका. ह्यांनी बघितलं की बाटली गप्प झालीय आणि यीस्ट आलेलं नाही. मग ह्यांना दया आली. माझ्या सासूबाई इडलीसारखी सान्नां फुगवायला पिठात सूर घालायच्या, ते ह्यांना आठवलं. तांदळाचं पीठ फुगतं तर गवतही फुगेल, असा ह्यांचा हिशेब. रेंदेराने नुकताच माडावरून उतरवलेला ताजा सूर आणला, त्यात माडाचा गूळ कुस्करला आणि मेव्हण्याचं काम आहे म्हणून हात आखडता नको, तर बाटली गळ्यापर्यंत भरली. फेस नळीतून थेट पेटीत. तुझ्या माशांइतकं सुखाचं मरण ह्या गावात आजवर बऱ्याच जणांना हवं होतं, मिळालं कोणालाच नाही.

हे त्यांनी मला काल सांगितलं. तोवर मलाही वाटत होतं की बाटलीच आपण होऊन नासली. तिच्याकडून मी काहीही धरून चालते. सांगून झाल्यावर ते जे रेंदेराकडे जाऊन बसलेत ते जेवायलाच येतात. तुझ्यासमोर यायची त्यांना लाज वाटते. मला त्यांची वाटते, ते जुनंच आहे.

दुसरी गोष्ट. काल संध्याकाळी नारायणबाब इथे आले. तुझा फोन बंद, म्हणून तुझा पत्ता विचारायला आले. त्यांना म्हणे आणखीही दोघे पेट्या लावून द्यायला भेटले होते. दोघांनी शपथेवर सांगितलं की आमच्या बाटलीत कधी बिघाड होत नाही, आणि एकाच्या घरी तर तिने काच फोडली होती. मेलेल्या माशांसमोर उभा राहून ही वस्तू वाईट आहे असं सांगणारा एकटा तूच भेटलास. मी म्हटलं, ते शहाणपण त्याचं नव्हे, माझं आहे, त्याने नुसतं उचललं. ते म्हणाले, उचलणाराही लागतो.

आधी एकच पेटी देतायत, हॉटेलात शिरल्या शिरल्या दिसेल तिथली. सिलिंडर हॉटेलचा, चावीवाला. शिगम्यापर्यंत मासे जगले तर बाकीच्याही तुझ्या. सगळ्या एकदम देत नाहीत, त्याबद्दल मला त्यांचा राग आला नाही. मी असते तर एकही दिली नसती.

मी त्यांना तुझ्या वतीने हो म्हटलेलं नाही. तुला ओरिसाला जायचं असेल तर जा. पण जाशील तर काम नव्हतं म्हणून गेलास असं सांगू नको. रागाने गेलास, असं सांग.

तुझी पेटी मी घासून उन्हात ठेवली होती. माझी तांबडी कोंबडी तिच्यात शिरली आणि अंडी घालून बसली आहे. पाहुणे तिचे फोटो काढतात. तुझ्या माशांचे कोणी काढले नव्हते. तुझ्या कोंबड्या ट्रकखाली, माझी काचेत. आपल्या घराण्यात धंदा त्यांनाच कळतो.

भाऊबीजेला पाट मांडते. तू आलास तर तुला ओवाळीन. न आलास तर निरांजन लावलेलं फुकट घालवणार नाही, कोंबडीला ओवाळीन.

बाकी जी माया तुझ्या वाट्याची आहे ती इथेच आहे. येऊन घेऊन जा, मी पोस्टाने पाठवणार नाही.

तुझी,
ताई


डिचोली,
२ नोव्हेंबर २०१३
(जयरामच्या बसने)

ती. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

नारायणबाबांना फोन केला आणि हॉटेलात जाऊन आलो. सिलिंडरची चावी हातात घेऊन पाहिली, बोटभर फिरवली की वायू बंद. इतकी वर्षं ब्रेकवर पाय ठेवून जगलो आणि हे तुला मला सांगावं लागलं. विठ्ठलला नाही म्हणून कळवलं, तो रागावला आहे. कपडे भाग्यलक्ष्मीने परत कपाटात लावले, मला न विचारता.

भावोजींना सांग, मी रागावलेलो नाही. सूर उरला असेल तर सान्नांना ठेवा.

भाऊबीजेला सकाळच्या बसने आम्ही चौघं येतो. माझा पाट मांड. कोंबडीला मात्र उठवू नको, ती अंड्यांवर आहे.

तुझा,
गोकुळदास