आजीला हात लावलेला चालतो का?

७ मार्च, शनिवार

सासूबाईंनी बॅग काढली! माझ्या नवऱ्याला माळ्यावर चढवून उतरवून घेतली, ओल्या फडक्याने पुसली आणि पॅसेजमध्ये उभी केली. "थोरल्याला फोन केलाय. बावीस तारखेला येतोय न्यायला." बस्स, एवढंच. उद्या दूध नको म्हणून सांगावं तसं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या आमच्याकडे आल्या, त्याला चार महिने होतील. माझ्याकडून काही कमी पडलं असेल तर शपथ! गोळ्या वेळेवर, चहा वेळेवर, उशीचा अभ्रा एक दिवसाआड. खोलीत ऊन किती यावं तेसुद्धा मी बघते. नवरा म्हणतो, "आईला काचेच्या कपाटात ठेवायचं तेवढं बाकी आहे." त्याला काय जातंय बोलायला!

कारण सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. कारण आमची खारू. पाच वर्षांची, दिवसभर तुरुतुरु, म्हणून खारू. आजीला चित्रं दाखवते, शाळेतल्या सगळ्या बातम्या सांगते, पण हातभर लांबून! आजीने हात पुढे केला की ही मागे. त्या इथे आल्यापासून मांडीवर एकदाही बसलेली नाही. सासूबाई प्रसूतिगृहात सिस्टर होत्या. जन्मभर लोकांची पोरं उचलली आणि सख्खी नात जवळ फिरकत नाही. त्यांच्या जागी मी असते तर बॅग केव्हाच भरली असती. पण त्या जाऊ नयेत. का कोण जाणे, मला अगदी मनापासून वाटतंय की त्या जाऊ नयेत.

९ मार्च, सोमवार

खारूला एकटीला गाठलं. "आजी आवडत नाही का गं तुला?"

"आवडते की! खूप!"

"मग जवळ का जात नाहीस?"

माझ्याकडे असं बघितलं, जणू अक्कल मीच गहाण ठेवलीय. "असं काय विचारतेस आई!" — आणि पळाली. डोंबल कळलं मला.

११ मार्च, बुधवार

नवऱ्याने त्याच्या बेकरीतून येताना नवी टूम आणली. पाव न्यायला येणाऱ्या कुठल्याशा बाईंनी त्याला सांगितलं म्हणे, मुलांसाठी एक म्युझियम उघडलंय. तिथे कुठेही काच नाही, दोरी नाही. सगळ्याला हात लावायचा! पाणी उडवायचं, चाकं फिरवायची, उचलायचं, ओढायचं, पाडायचंसुद्धा. "रविवारी सगळे जाऊ. आईलाही नेऊ."

पाडायचंसुद्धा? मी दोनदा विचारून घेतलं. इतकी वर्षं मी म्युझियममध्ये, जुन्या वस्तूंच्या दालनात आहे. माझं अख्खं काम एका वाक्यात मावतं — हात लावू नका. शाळांच्या सहली आल्या की दारातच माझा पुकारा, "हात मागे, डोळे पुढे!" मुलं ओळीने हात मागे बांधतात. मीही बांधते. आता तर रस्त्यातून चालतानाही माझे हात मागेच असतात. नवरा म्हणतो, "तपासणीला निघालेली साहेबीण!"

खारूलाही तेच वळण. कुणाकडे गेलो की लोक म्हणतात, काय शहाणी हो तुमची मुलगी, कशालाच हात लावत नाही! माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं.

नवऱ्याला म्हटलं, जाऊ या. पण मी लांब उभी राहून बघेन.

१४ मार्च, शनिवार

सासूबाई यायला तयार झाल्या. म्हणाल्या, "जाता जाता तेवढंच." जाता जाता!

१५ मार्च, रविवार

काय दिवस गेला! कुठून सुरुवात करू?

आत शिरलो आणि एवढा कल्ला की कानाला दडे बसले. पहिल्याच दालनात पाण्याचे लांबलचक पाट. मुलं बांध घालतायत, फोडतायत, बाह्यांतून पाणी निथळतंय. एका मुलाने पाटाची झडप जोरात उघडली, पाणी थेट जमिनीवर! आणि माझ्या तोंडून गेलंच, खणखणीत आवाजात, "हात मागे! डोळे पुढे!"

सगळ्या मुलांनी हात मागे बांधले! कुणाचे ओले, कुणाचे मातीचे. तीन आईबापांनीसुद्धा. नवरा खांबाआड जाऊन पोट धरून हसत होता. पिवळ्या ॲप्रनवाली एक मदतनीस मुलगी धावत आली. "ताई, इथे ना, जरा उलटं असतं." धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं असं झालं.

पुढे सासूबाईंनी तर कमालच केली. गुडघ्याचं दुखणं दारात ठेवून आल्या होत्या की काय! पाटात कोपरापर्यंत हात. एका पोरीला म्हणतात, "तुझा बांध कच्चा आहे, माझा बघ." मग दोरी ओढून स्वतःला वर उचलायची एक खुर्ची होती, तीत बसल्या. वर गेल्या! खाली नवरा, "आई, सावकाश! आई, पुरे!" आणि वरून त्या, "तू गप रे, तुला लहानपणी पाळण्यात घालताना मी विचारलं होतं का?"

खोट्या बेकरीत नवऱ्याची मजा झाली. लाकडी पाव, लाकडी भट्टी. हा ऐटीत पाव भट्टीत सारायला गेला, तर चारेक वर्षांची एक चिमुरडी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, आधी टोपी घाला. असं नसतं करायचं." जन्म भट्टीपुढे गेला याचा! निमूट टोपी घातली.

आणि खारू? खारू प्रत्येक दालनात दारापाशी. हात मागे, डोळे पुढे. पाण्यापाशी तशीच. बुडबुड्यांपाशी तशीच. सगळी पोरं चिखलात म्हशी लोळाव्यात तशी लोळतायत आणि माझी लेक जणू पाहुण्यांकडे आलीय. आज पहिल्यांदा मला त्या शहाणपणाचं कौतुक वाटलं नाही.

"हात लाव की गं," मी म्हटलं. मी! ती जागची हलली नाही.

शेवटी ती पिवळ्या ॲप्रनवाली तिच्यासमोर उकिडवी बसली. "इथे सगळ्याला हात लावायचा असतो बरं का."

"सगळ्याला?"

"सगळ्याला."

"जुन्याला पण?"

"जुन्याला तर आधी!"

"खूप जुन्याला? आणि दुरुस्त केलेलं असेल तर?"

"तरीही."

खारूने मागचे हात सोडले. मला वाटलं आता पाण्यात उडी. नाही! पाटांना वळसा, बुडबुड्यांना वळसा, सरळ बाहुल्यांच्या दवाखान्यात. तिथे सासूबाई ठेंगण्या खुर्चीवर बसून चार मुलांना तान्हं बाळ कसं धरायचं ते शिकवत होत्या. "मानेखाली हात, मानेखाली! बटाट्याचं पोतं आहे का ते?" खारू त्यांच्यापुढे उभी राहिली. एक बोट पुढे केलं आणि त्यांच्या मनगटावर टेकवलं. हळूच. मी कामावर एखाद्या जुन्या कपाला बोट लावते ना, अगदी तस्संच.

मग वाकून बघितलं. "आजी, काही झालं?"

"कुठे काय?"

"झिजलीस का?"

सासूबाईंना कळेना. मला मात्र कळलं. त्या ऑपरेशनहून आल्या त्या दिवशी मीच खारूला दारात थांबवून सांगितलं होतं — आजी आता जुनी झालीय, नुकतीच दुरुस्त होऊन आलीय, जपायचं हं. आणि जुन्या वस्तूला हात लावला की ती झिजते, हे तर पोर बोलायला लागल्यापासून माझ्या तोंडून ऐकतेय! चार महिने ही आजीला जपत होती. आजी इतकी आवडते म्हणून लांब राहत होती!

सगळं मी तिथेच सांगून टाकलं, अडखळत. सासूबाई ऐकत होत्या. आधी हसल्या. मग हसता हसता रडल्या. "मला वाटलं पोरीला माझी किळस येते. या सुरकुत्यांची. मलमाच्या वासाची." मग बाहुली बाजूच्या मुलाच्या हातात कोंबली, दोन्ही हात पसरले. "ये इकडे. झिजले तर झिजले!"

त्यानंतर खारूने म्युझियममधलं काही म्हणजे काही बघितलं नाही. पूर्ण वेळ आजीच्या मांडीवर. आजीचे कान ओढले, हनुवटीखालची कातडी हलवून बघितली, हातावरच्या निळ्या शिरांवरून बोटाने चालून आली. नवरा म्हणाला, "एवढ्या लांब आलो ते माझ्या आईला बघायला!" तोही डोळे पुसत होता, खोटं कशाला लिहू.

एवढ्यावर संपावं ना? नाही! बाहेरच्या दारात आलो आणि खारूने आजीचा हात सोडला. हात मागे. "इथून चालत नाही ना?" ती ताई म्हणाली होती ना, *इथे* हात लावायचा असतो!

मी फुटपाथवर गुडघे टेकले. सांगितलं, माणसं वस्तू नसतात. माणसं हात लावून झिजत नाहीत, उलट हात नाही लावला तर वाळतात. कुठून सुचलं देव जाणे. तिने विचार केला. मग आजीचा हात असा घट्ट धरला की सासूबाई ओरडल्या, "अगं, बोटं मोडशील!"

१६ मार्च, सोमवार

आज शाळेतून आल्यावर आजीच्या गुडघ्याची पाहणी झाली. व्रणावर बोट फिरवून खारूने जाहीर केलं, "काम छान झालंय."

कामावर सहल आली होती. "हात मागे" म्हणताना पहिल्यांदाच जीभ अडखळली. तरी म्हटलंच. तिथल्या वस्तू खरंच झिजतात, त्याला मी काय करू!

१८ मार्च, बुधवार

घराला ऊत आलाय. खारू आजीच्या केसांच्या वेण्या घालते, सात-आठ, उभ्या! सासूबाई तशाच दार उघडायला गेल्या, आणि शेजारच्या काकू दचकून मागे सरकल्या. दिवसभर दोघींची खिदळाखिदळ. काल चहाचा कप फुटला — खारूच्या हातून! तिच्या आयुष्यातला पहिला. मी ओरडायला तोंड उघडलं आणि पेढे वाटावेत इतका आनंद झाला.

आता कुठल्या जातायत सासूबाई!

२० मार्च, शुक्रवार

थोरल्या दिरांचा फोन. मी कान देऊन ऐकत होते, आता सासूबाई नको म्हणतील, मग नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "हो, ये रविवारी. तयार आहे मी."

काही समजेना. पोर चोवीस तास अंगाला चिकटलेली असते, आता अजून काय हवं? नवऱ्याला विचारलं. म्हणाला, "मला काय विचारतेस? आईला विचार ना." जसं काही सोपं आहे! आमचं दोघींचं सगळं कसं नेमस्त. लग्न झाल्यापासून एक शब्द इकडचा तिकडे नाही. लोक दाखला देतात आमचा. असं एकदम जाऊन कसं विचारायचं?

संध्याकाळी बॅगेत स्वेटर गेला. मीच घडी करून दिला, बाह्या आत, माझ्या पद्धतीने. त्या म्हणाल्या, "फार नीट करतेस हो तू सगळं." बरं नाही वाटलं ऐकून. का, ते कळलं नाही.

२२ मार्च, रविवार

थोरले एकटेच परत गेले.

चहा झाला, बॅग दारात गेली, सगळे उभे. सासूबाईंनी नवऱ्याला जवळ घेतलं, खारूला घेतलं. मी जरा मागे होते, भिंतीपाशी. "येते गं," त्या म्हणाल्या. "सावकाश जा, आई," मी म्हटलं. आणि खारूने विचारलं — कुणालाही वाईट वाटावं म्हणून नाही, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं — "आई, तू आजीला कधीच हात नाही लावत. तुला कुणी सांगितलं नाही का, की चालतं?"

सासूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. लग्नापासूनचं सगळं आठवून बघितलं. एकदाही नाही! एकदाही कसं नाही?

मग मी गेले आणि त्यांना मिठी मारली. कशी मारतात तेच कळेना, माझी हनुवटी त्यांच्या खांद्यावर आपटली. त्या केवढ्याशा आहेत! आणि किती गरम. खूप वेळाने माझ्या पाठीवर त्यांचा हात आला, थोपटू लागला, बाळाला थोपटावं तसा. कानाशी म्हणाल्या, "पोरीमुळे नव्हते गं मी चालले."