आतून कडी

४ मार्च, सकाळ
नवी वही, नवे संकल्प. पहिला: चिऊच्या बाबतीत मध्ये मध्ये करायचं नाही. ती आता अठरा पूर्ण. मुलांच्या केंद्राने फुलांचा गुच्छ देऊन तिला मोठी केलं आणि दुसऱ्या दिवसापासून दार बंद. ऑटिझम अठराव्या वाढदिवसाला आपोआप उतरतो अशी त्यांची समजूत असावी. तेव्हापासून ती घरीच. दिवसभर वॉशिंग मशीनसमोर स्टूल टाकून बसते आणि रिकामं मशीन लावते. मी अक्षर बोलत नाही. फक्त प्लग काढून ठेवते.

संध्याकाळ
अठरा पूर्ण झालेल्यांसाठीच्या सेवेतून फोन आला. तीन मुलींचं एक घर आहे, सोबत मदतनीस बाई, एक खोली रिकामी झाली आहे. आठवडाभर राहून बघायचं. जमलं तर खोली तिची, नाही तर रांगेतल्या पुढच्या मुलीची. मी ताबडतोब हो म्हणाले. ह्यांचं म्हणणं, तू ‘बघू’ म्हणालीस. मी ‘बघू’ अगदी होकारार्थी म्हटलं होतं.

७ मार्च
मीटिंग. समोर एक तरुण मुलगा, हुद्दा लांबलचक, ट्रान्झिशन काहीतरी. केसांची पोनीटेल. मी त्याला मनात पोनीटेलच म्हणते. सगळे प्रश्न चिऊला विचारत होता. हल्ली तशी फॅशन आहे.

सकाळी किती वाजता उठायला आवडतं, असं त्याने तिला विचारलं. तिला वेळ लागतो म्हणून मीच सांगितलं, आपण सातला उठतो. मग म्हटलं, आपल्याला मऊ भात चालतो, आपल्याला गर्दी सोसत नाही. तो पेन खाली ठेवून नम्रपणे म्हणाला, काकू, आपण म्हणजे नक्की कोण?

मी काही बोलायच्या आत चिऊने खिडकीकडे बघत खुलासा केला. आई ‘आपण’ म्हणते तेव्हा त्याचा अर्थ ‘तू’ असतो. ‘आपण नखं कापूया’ म्हणते, पण कापते फक्त माझी. ‘आपण आता झोपूया’ म्हणते आणि स्वतः टीव्ही बघते. शिवाय ती सहाला उठते आणि मी साडेसातला. सातला कोणीच उठत नाही.

ह्यांना खोकला आला. बराच वेळ रुमालात तोंड घालून खोकत होते. गाडीत बसल्यावर खोकला थांबला.

दोष माझा नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सगळं इंग्रजीत. तिथे एकच ‘वी’, त्यात सगळी दुनिया मावायची. मराठीच्या बाई आठवड्यातून एकदा यायच्या. आपण म्हणजे ऐकणाऱ्याला धरून, आम्ही म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून, असं काहीसं फळ्यावर लिहायच्या. माझं लक्ष बाहेरच्या बदामाच्या झाडाकडे असायचं. काय सुंदर लाल पानं पडायची त्याची.

संकल्प: ‘आपण’ बंद.

८ मार्च
नाश्त्याला मी म्हणाले, आपण टोस्ट खाऊया का. चिऊ म्हणाली, तू खा. तिने खाल्लं नाही.

१० मार्च
ते घर बघून आलो. मला आवडलंच. म्हणजे जिना जरा उभा आहे, स्वयंपाकघरातली सुरी फार धारदार आहे, आणि राहणाऱ्या दोघींपैकी एक फार हसते, दुसरी अजिबात हसत नाही. एवढं सोडलं तर उत्तम.

चिऊ आधी तिथल्या चालू वॉशिंग मशीनपाशी गेली. दाराला कान लावून म्हणाली, बेअरिंग जाणार आहे. मदतनीस बाईंनी विचारलं, कधी? ती म्हणाली, पावसाळ्याआधी. मग त्या दोघी बेअरिंगवर इतका वेळ बोलल्या की माझा चहा निवला.

नंतर तिची होऊ शकणारी खोली. पलंग, कपाट, खिडकी. आणि दाराला आतून कडी. चिऊने दार लावलं, कडी सरकवली, आम्ही बाहेर. उघडली. पुन्हा लावली. असं कितीतरी वेळ. मी पोनीटेलला बाजूला घेऊन सांगितलं की आमच्याकडे आतल्या कड्या काढून टाकल्या आहेत, बाथरूमचीसुद्धा. सहा वर्षांची असताना पाहुणे आले होते तेव्हा ती बाथरूममध्ये अडकली. हाका मारून घसा बसला माझा. शेवटी दार फोडलं.

दाराआडून आवाज आला, मी अडकले नव्हते. मी बंद केलं होतं.

लहानपणच्या आठवणी अशाच चुकतात. मी वाद घातला नाही.

१३ मार्च
तयारी जोरात. तिच्या सगळ्या कपड्यांवर नावाच्या पट्ट्या शिवायला घेतल्या. बोर्डिंगला जाताना माझ्या आईने अशाच शिवल्या होत्या, लाल दोऱ्याने, फ्रॉकपासून रुमालापर्यंत. नऊ वर्षांची होते. आई गेटपाशी उभी राहून हात हलवत होती आणि सिस्टर म्हणाल्या, मागे बघायचं नाही. मी बघितलं नाही. रडलेही नाही. उशी ओली व्हायची ती खिडकी गळकी होती म्हणून.

दुपार
चिऊने कपाट उघडलं आणि तशीच खाली बसली, कानांवर हात ठेवून. मानेपाशी लेबल टोचलेलं तिला सोसत नाही. तान्ही असल्यापासून तिच्या प्रत्येक कपड्याचं लेबल मीच कापत आले आहे. हे आज कसं विसरले, कोण जाणे. हे दारात उभे होते. मला म्हणाले, तुला ती जायला नको आहे. मी म्हटलं, काहीतरीच. गडबडीत होतं असं.

संध्याकाळपर्यंत तिने शिवण उसवायची सुई घेऊन सगळ्या पट्ट्या स्वतः उसवल्या. एकही कपडा फाटला नाही. पट्ट्या रचून माझ्या उशीवर ठेवल्या.

१६ मार्च
सोडून आलो. नियम असा की आठवडाभर मी फोन करायचा नाही. तिला गरज लागली तर ती करेल. चांगला नियम आहे. रात्रीच्या आत करेल ती. तिचं अंथरूण घालून ठेवलंय, मऊ भात गरम आहे. गाडीची किल्ली टेबलावर.

निघताना म्हटलं, चिऊ, नीट राहा. ती म्हणाली, मी पक्षी नाही. अठरा वर्षं हे तिने मला का सांगितलं नाही?

१७ मार्च
फोन नाही. नेटवर्कचा प्रॉब्लेम असणार. शेजारणीला मला फोन लावायला सांगितलं. लागला. शेजारणीचं नेटवर्क वेगळं आहे.

मऊ भात ह्यांनी खाल्ला.

१९ मार्च
माझा स्वभाव नियम मोडणारा नाही. पण तिची उशी राहिली होती. (मीच काढून ठेवली होती, उन्हात टाकायला.) म्हणून गेले. जिना चढताना आतून हसण्याचा आवाज. ती फार हसणारी. आणि तिच्यामागे आणखी एक हसणं, जरा घोगरं, थांबून थांबून. ते चिऊचं, हे ओळखायला मला क्षणभर वेळ लागला.

चिऊने दार उघडलं, दारातच उभी राहिली. आम्ही जेवतोय, असं म्हणाली. उशी घेतली, वास घेतला, परत दिली. इथे आहे, म्हणाली. आणि दार लावलं. रागाने नाही. जेवताना दार लावतात तसं.

खाली पोनीटेल भेटला. काकू, उशी छान आहे, म्हणाला. पोराला संस्कार आहेत.

२१ मार्च
नवा विचार, आणि तो अगदी बरोबर आहे. तिला कडी हवी होती. एवढंच. मग ती घरीही बसवता येते. सुताराला बोलावून बाथरूमला जाडजूड कडी बसवून घेतली. त्याने विचारलं, इतकी वर्षं नव्हती, आता कोणासाठी? मी म्हटलं, लेक परत येतेय. आठवडा संपला की तिला सांगणार. बघ, आपल्याकडेही आहे.

२३ मार्च, सकाळ
आठवडा संपला. हे फिरायला गेले. कडी एकदा तपासून बघावी म्हणून मी बाथरूममध्ये गेले, लावली. छान बसली. इतकी छान की उघडेना.

ढकलली, ओढली, चप्पल मारली. ह्यांना फोन लावला तर तो बाहेर जेवणाच्या टेबलावर वाजला. पोनीटेलला लावणं शक्यच नव्हतं. मग चिऊला लावला. माझ्यासाठी नाही, अडचणीच्या वेळी ती कसं वागते ते बघायला.

तिने विचारलं, तू अडकलीस की तू बंद केलं आहेस?
मी म्हटलं, अडकले.
ती म्हणाली, मग ओरडू नकोस. घसा बसतो. खाली बस. मी बसले, बादली उपडी करून. मग म्हणाली, दार स्वतःकडे ओढून धर, कडी वर उचल, मग सरकव. माझीपण अशीच होते.

उघडली.

मी विचारलं, आठवडाभर फोन का केला नाहीस गं? ती म्हणाली, गरज लागली नाही. मग सांगितलं, खोली तिला मिळाली. काल सगळ्यांसमोर विचारलं, ती हो म्हणाली. ‘बघू’ नाही, ‘हो’. मी म्हटलं, रविवारी येतेस का, घरी कडी बसवली आहे. ती म्हणाली, रविवारी आमचे पडदे धुवायचे आहेत.

आमचे, म्हणजे आपले का, असं मी विचारलं. उगाच.

नाही, म्हणाली. आमचे. तू त्यात नाहीस. पुढच्या रविवारी चारला ये, तेव्हा पडदे वाळलेले असतील. मग म्हणाली, मशीन थांबलं, आणि फोन ठेवला.

मराठीच्या बाई असत्या तर तिला पूर्ण मार्क दिले असते.

ह्यांनी परत आल्यावर विचारलं, बाथरूमच्या दारावर चपलेचे ठसे कसले? मी म्हटलं, सुताराचे.

कडीला तेल घालायला हवं. मीच घालते.