तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा

११ मे १९८१, सोमवार

कुत्रा आला! भाऊ येणार होता, त्याची खोली तयार होती, पथ्याचा तक्ता स्वयंपाकघरात लावून झाला होता. कुत्र्याचं कुणी बोललंच नव्हतं.

भावाला, आउस्मुंदुरला, घेऊन त्याच्या शेजारचा शेतकरी ब्यार्नहेदिन उत्तरेहून जीपनं आला. आधी आउस्मुंदुर उतरला. काठी, उजवा हात लुळा, तोंडातून शब्द नाही. मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तो बोललेला नाही. त्याच्यामागून कोलुर उतरला. बारा वर्षांचा, मेंढ्यांमागे धावलेला, नाकाशी पांढरा झालेला.

"अरे, हे रेक्याविक आहे," मी म्हणाले. "इथे कुत्रा पाळायला बंदी आहे!"

"ठाऊक आहे. पण वेगळं केलं की जेवत नाही. दवाखान्यात करून पाहिलं, चार दिवस."

"कोण जेवत नाही? कुत्रा की हा?"

"दोघंही."

आणि निघून गेला! कॉफीसुद्धा घेतली नाही.

जिना चढताना कुत्रा कोटाखाली झाकून आणला. मी, या इमारतीच्या रहिवासी मंडळाची सतरा वर्षांची चिटणीस!

१२ मे

कोलुरला जंताचं औषध दिलं. मग साबणानं हात धुतले. तीनदा.

१३ मे, बुधवार

झोप नाही. स्वतःशी तरी सरळ बोलावं.

आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते, आउस्मुंदुर आठ वर्षांचा. पोटात गाठ — कुत्र्याच्या जंतापासून होणारी. कापली, पुन्हा वाढली. पुढच्याच वर्षी राजधानीत कुत्र्यांवर बंदी आली. मला वाटलं होतं, कुणीतरी माझ्यासाठीच हा कायदा केला. कोपनहेगनहून शिकून आले, एकतीस वर्षं मुलींना जीवशास्त्र शिकवलं, दर वर्षी तो जंत फळ्यावर काढला. वर्तमानपत्रात बंदीच्या बाजूनं चार पत्रं लिहिली. चारही छापून आली.

आणि काल त्याच जंताच्या नावाचं औषध चीजमध्ये घालून कुत्र्याला भरवत होते. कारण तो खाईना तर आउस्मुंदुर खाईना.

हेही लिहून ठेवते — मेंढीचं कच्चं काळीज खाल्ल्याशिवाय कुत्र्याला तो जंत होत नाही. रेक्याविकमध्ये मेंढी कुठे आहे? हे मला चाळीस वर्षं ठाऊक आहे. एकाही पत्रात लिहिलं नाही. का? कळत नाही.

१४ मे, गुरुवार

अडचण उघड झाली. संध्याकाळी आठला कोलुरला खेळायचं असतं. आउस्मुंदुर डाव्या हातानं लोकरीचा गुंडा फेकतो, शीळ घालतो, कुत्रा भुंकतो. सोमवार ते बुधवार चाललं, कारण खालच्या मजल्यावरच्या स्वानलौगच्या बहिऱ्या नवऱ्यासाठी टीव्ही इतका मोठा असतो, की त्यात रेडाही रेकला तरी ऐकू जाऊ नये. पण देशात टीव्ही एकच, सरकारी, आणि त्याला दर गुरुवारी सुट्टी! सारं शहर चिडीचूप. एकाच्या घरी कप ठेवला तर दुसऱ्याला कळतं.

कोलुरला न्हाणीघरात घेऊन बसले. दोन तास. वाळवलेला मासा भरवत. आउस्मुंदुर दाराबाहेर स्टुलावर. मी दार उघडलं तेव्हा त्यानं माझ्याकडे अशी नजर टाकली, की मीच ओरडले, "काय? मी केलाय का हा कायदा?"

१६ मे

घराचे नियम ठरवले. कुत्रा पहाटे पाचला खाली, मागच्या अंगणात, दोरीवर, सात मिनिटं. कॉफी दोन कप. मीठ नाही. तपकीर बंद — डॉक्टर म्हणाले रक्तदाब. आउस्मुंदुरची डबी माझ्या कपाटात, चादरींखाली. तो शोधत होता. मी पेपर वाचत राहिले.

२० मे, बुधवार

पोहण्याच्या तलावावर. सकाळच्या गरम कुंडात आम्ही नेहमीच्या चौघी, पाणी गळ्यापर्यंत. स्वानलौग फॉर्मात.

"बिअर बंद, कुत्रा बंद, गुरुवारी टीव्ही बंद, जुलैत तर महिनाभर टीव्ही बंद! श्वास घ्यायला तेवढी अजून रोजची परवानगी आहे. लवकर घेऊन टाका, बायांनो!"

सगळ्या हसल्या. मग माझ्याकडे वळून — "हाल्फ्रीदुरला विचारा. हिला बंदी आवडते. हिच्या हातात असतं तर वारासुद्धा परवाना काढून वाहिला असता."

एरवी मी ठणकावलं असतं. आज "पाणी फार गरम आहे," म्हणाले आणि बाहेर आले.

जुलै! तो विचारच केला नव्हता. एकतीस गुरुवार एका ओळीत.

२४ मे, रविवार

आउस्मुंदुर खिडकीशी बसून असतो. खाली गाड्या, समोर पत्र्याची छपरं. कोलुर पायाशी. मी म्हटलं, "फिरायला चल, तळ्यापर्यंत." त्यानं कुत्र्याकडे बोट केलं. मी म्हटलं, "तो नाही. तू." तो पुन्हा खिडकीकडे वळला.

डॉक्टर म्हणतात, धीर धरा, शब्द येतील. मी रोज अर्धा तास अक्षरांचा सराव घेते. तो ओठ मिटून बसतो. आठ वर्षांचा असताना पाढ्यांना बसायचा तसाच.

२८ मे, गुरुवार

घात केला! माझ्याच हातानं.

आज येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी. सकाळी चर्च, दुपारी भाजलेलं मेंढीचं मटण, अंगावर चांगले कपडे — दिवसभर डोक्यात रविवारच! आठ वाजले, गुंडा मीच आउस्मुंदुरच्या हातात दिला. शीळ. कोलुर भुंकला — एकदा, दोनदा, आनंदानं, पाच-सहा वेळा. आणि मग मला ती शांतता ऐकू आली. खाली टीव्ही नाही. कुठेच नाही. सुट्टी होती, पण वार गुरुवार होता.

खाली खुर्ची सरकली. मग काहीच नाही.

मी आउस्मुंदुरकडे पाहिलं. तो हसत होता! अडीच आठवड्यांत पहिल्यांदा. याचा अर्थ काय लावायचा?

२९ मे

कुंडात स्वानलौग हवामानावर बोलली. फक्त हवामानावर.

२ जून, मंगळवार

पोलीस आला. तरुण, ह्रोदमार नावाचा, टोपी हातात.

"बाई, माझी आई तुमची विद्यार्थिनी. ती अजून तुम्हाला घाबरते."

"मुद्द्यावर या."

"फोन आला होता. कुत्र्याबद्दल." कोलुर त्याच्या बुटांवर नाक ठेवून बसला होता. ह्रोदमारनं खाली पाहिलं नाही, हे त्याचं सौजन्य. "पुढच्या मंगळवारपर्यंत शहराबाहेर पाठवा. नाहीतर आम्हाला न्यावा लागेल. आणि नेलेल्या कुत्र्याचं — आता तुम्हाला काय सांगायचं."

"औषध टोचतात."

"हो."

"तो कुणाला काय त्रास देतो?"

"काहीच नाही, बाई. पण कायदा..." त्यानं टोपी डोक्यावर घातली. "आईनं तुमची पत्रं कापून ठेवलीत. फार मुद्देसूद आहेत."

आउस्मुंदुर खोलीच्या दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं.

३ जून

सगळीकडे फोन केले. म्हातारा कुत्रा कुणाला नको. भाचीला मांजर आहे. ब्यार्नहेदिनकडे कुणी फोन उचलत नाही, कोकरांचे दिवस. आणि कुत्रा गेला तर आउस्मुंदुर जेवायचा नाही. म्हणजे मंगळवारी नेतील ते दोघांना.

५ जून, शुक्रवार

स्वानलौगच्या दारात गेले. कॉफी-केक काही नाही, सरळ विचारलं, "तू केलास फोन?"

"हो. मीच."

एवढं सरळ! मला वाटलं होतं नाकारेल.

"सोळा वर्षं शेजारी आहोत आपण," मी म्हणाले.

"आठवतं? एकाहत्तरमध्ये माझ्या मुलीनं पिल्लू आणलं होतं. तपकिरी. तू मंडळाची सभा बोलावलीस. फळा आणलास, हाल्फ्रीदुर! इमारतीच्या धुण्याच्या खोलीत खडूनं जंत काढून दाखवलास. पोरगी आठवडाभर रडली. तू म्हणालीस, कायदा सगळ्यांना सारखा."

"बरोबरच होतं ते."

"मग मीही बरोबरच केलं."

वर येताना जिन्यात दोनदा थांबले. दम लागला होता असं नाही.

ती बरोबर असेल तर मी तेव्हा चुकले. मी तेव्हा बरोबर असेन तर आज चुकते आहे. दोन्ही वेळा मी मीच होते! माणसानं आपल्या घरात काय पाळावं, काय प्यावं, कधी काय पाहावं हे कुणी ठरवायचं? आजवर माझं उत्तर तयार असायचं. आज दोन्हीकडून वाचून पाहिलं. दोन्हीकडून पटतं.

७ जून, रविवार

अर्ज लिहिला, महापालिकेला. अपवाद म्हणून परवानगी मिळावी. तीन पानं, मुद्देसूद. आउस्मुंदुरला वाचून दाखवला. "तुझ्यासाठी करते आहे हे," म्हणाले. त्यानं माझ्या हातावर त्याचा चांगला हात ठेवला. क्षणभरच. मग कपाटाकडे बोट केलं.

तपकीर. मी म्हटलं, "नाही. त्यावर चर्चा नाही."

९ जून, मंगळवार

उघडायच्या वेळेला कचेरीत हजर. खिडकीमागची मुलगी अर्ज वाचत गेली, मग आत जाऊन एका गृहस्थाला घेऊन आली. तो नाव वाचून म्हणाला, "त्या तुम्हीच का? पत्रांतल्या?"

"त्याच."

"मग तुम्ही याला विरोध करायला आलात?"

"नाही. मागायला."

त्यानं चष्मा काढून पुसला. म्हणाला, "गेल्या महिन्यात तुमचंच पत्र दाखवून आम्ही एकाला नकार दिला." मग अर्जाची पानं पुन्हा चाळली. शेवटी, "दोन आठवडे मुदत वाढवून देतो. पुढचं पुढे."

दोन आठवडे! जिंकल्यासारखी धावत घरी आले. या वयात, टेकडी चढून.

घर रिकामं. काठी नाही, कोट नाही, कुत्र्याची दोरी नाही. कपाट उघडं, चादरी खाली जमिनीवर.

स्वानलौग जिन्यात भेटली. "नऊच्या बसनं गेला उत्तरेला," म्हणाली. "मी थांब्यापर्यंत सोडलं. कुत्र्याला कोटात घेतलं होतं."

"तू? तूच?"

"मला शहरात कुत्रा नको होता, हाल्फ्रीदुर. पण तो मेलेलाही नको होता, असं नाही का होऊ शकत?"

"त्याला एकट्याला कसं जाऊ दिलंस? तिकीट कसं काढलं असेल? त्याला बोलता येत नाही!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाली गेली.

१० जून, बुधवार

ब्यार्नहेदिनचा फोन आला. पोचला, सुखरूप आहे. मी विचारलं, एखादा शब्द तरी बोलतो का. तो म्हणाला, "एखादा? अगं, कालपासून आम्हाला बोलू देत नाहीये!" मागून त्याचा आवाज ऐकू येत होता — कोकरांबद्दल, गवताबद्दल, बसमधल्या एका बाईबद्दल, आणि मोठ्यानं हसणं. मी ऐकत राहिले. "देऊ त्याला फोन?" ब्यार्नहेदिननं विचारलं. मी नको म्हणाले.