मामाजी, बकरा नाही कापला

प्रिय मामाजी,

सुनेनं सासऱ्याला पत्र लिहावं अशी गावाबाहेरच्या आपल्या टोलीत रीत नाही, आणि गेलेल्या माणसाला तर कोणीच लिहीत नाही. पण आज वैशाखी पुनव आहे, तुम्ही गेल्यानंतरची पहिली. तुम्हाला माती दिली त्या दिवशी इथं काय घडलं, ते तुम्हाला कोण सांगणार? तुमचा मुलगा नागपूरच्या मिलमध्ये होता. तो पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. पाहिलं ते मी, म्हणून मीच लिहिते.

आधी थोडं भांडू द्या. लेक रांगत होता तेव्हा तुम्ही रंगूनच्या भातगिरणीत कामाला गेलात, ते त्याला मिसरूड फुटलं तरी आला नाहीत. इथं जवळच बिरसीला इंग्रजांनी विमानांसाठी पट्टी बांधली, तेव्हा आम्ही सासू-सुना तिथं माती वाहायला जायचो. पहिलं विमान उतरलं, तेव्हा सासूबाई टोपली डोक्यावर धरून उभ्याच राहिल्या. मला म्हणाल्या, "याच्यातून रंगूनचे मानसं येतेत का वो?" हे तुम्हाला त्यांनी कधी सांगितलं होतं?

मग रंगूनवर बॉम्ब पडले आणि तुम्ही जंगलं तुडवत, पाय सुजवून, हाडांचा सापळा होऊन दारात आलात. गाठोड्यात काय, तर लाकडाचा एक बुद्ध. सासूबाईंनी तुम्हाला पाणी दिलं, पेज पाजली आणि मूर्तीकडं बघून म्हणाल्या, "डोरे मिटून बसला हाय. मंग आपलं गाऱ्हानं कोन पाहील?"

तुम्ही हसलात. म्हणालात, "तिकडं मले कोनी जात नाही इचारली. मंदिरात गेलो तं सरक म्हनलं नाही कोनी. या देवाजवर मी बसून जेवलो."

त्या दिवसापासून रोज पहाटे मूर्तीपुढं तुमचं तीन वाक्यांचं ते पुटपुटणं सुरू झालं. मी चूल पेटवता पेटवता अर्थ विचारायचे, तुम्ही सांगायचात, बुद्धाला शरण, धम्माला शरण, संघाला शरण, आणि मीही मागून म्हणायचे. सासूबाई मात्र जात्याचा खुंटा धरून जोरजोरात दळायच्या. टोलीतली माणसं म्हणायची, म्हातारा बरम्यातून बिघडून आला. देवीपुढं कोंबडं कापायला तुम्ही जायचा नाहीत, मेलेलं ढोर ओढायला जायचा नाहीत. तुमच्यामुळं आम्हालाही लोक टाळायचे. तुम्हाला काही वाटायचं नाही. मला वाटायचं, मामाजी. पाण्याला गेलं की बायका बोलायच्या थांबायच्या.

पूस महिन्याच्या थंडीत तुम्ही गेलात. आदल्या दिवशी सासूबाईंना जवळ बोलावून म्हणालात, "माह्या नावानं जीव नको मारू. हे पोरगी मनते ते तीन वाक्यं मना आन् माती द्या."

सकाळी पंच आले, आपले गोविंदाबुवा. तुम्हाला पाहून त्यांचेही डोळे भरले. लहानपणचे सोबती ना तुम्ही. पण म्हणाले, "वहिनी, भगत बोलवा. तिसऱ्या दिवशी मरीमायले बकरा द्या. तसं असन तं खांदा देऊ."

"अन् नसन तं?" सासूबाईंनी विचारलं.

"मागल्या पटकीत माही नात गेली. माय पुन्हा कोपली तं कोनाकोनाची पोरं जातीन? तूच सांग."

खोटं नव्हते बोलत ते. खरंच भ्यायले होते. अंगणातली सगळीच माणसं भ्यायली होती. मी सासूबाईंकडं बघितलं. मला वाटलं, आता या हो म्हणतील.

त्या म्हणाल्या, "गोविंदाभाऊ, या मानसानं जन्मात माह्याकडं काही मांगतलं नाही. मांगतलं तं हे एकच, अन् तेही मेल्यावरचं. मी नाही मनू का? बकरा नाही कापत. तुमी खांदा नोका देऊ. आमी देऊ."

आणि पदर खोचून तिरडीच्या पुढच्या बाजूला त्या जाऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या बाजूला मी. मागं शेजारच्या गंगाबाई आल्या, आपल्यासोबत बिड्या वळणाऱ्या, आणि त्यांची लेक. बायकांनी कधी खांदा दिला होता का आपल्याकडं? तुम्ही वाळून हलके झाला होतात, तरी माझा खांदा भरून आला.

पाण्यानं भरलेल्या बोडीच्या पाळीपर्यंत गेलो असू. मागून पावलं वाजली. गोविंदाबुवा होते. सासूबाईंना म्हणाले, "सरक वहिनी. थकलीस." त्या बाजूला झाल्या. मग एकेक करत बाकीचे गडीही आले.

खड्ड्याजवळ सगळे माझ्याकडं बघू लागले. मी बुद्धाचं वाक्य म्हटलं, धम्माचं म्हटलं, आणि तिसरं आठवेना. तेवढ्यात शेजारून आवाज आला. सासूबाई म्हणत होत्या, तुमच्याच त्या बरमी हेलात, एक अक्षर न चुकता. इतकी वर्षं जात्याच्या आडून त्या ऐकत होत्या, मामाजी. तुम्हाला माहीत होतं का? मला वाटतं, नसावं. याचंच मला फार वाईट वाटतं.

त्यानंतर टोलीवर काही कोप झाला नाही. आज पुनवेला अंगणात थोडीच माणसं आली, पण आली. गोविंदाबुवांच्या सूनबाई लेकराला घेऊन बसल्या होत्या. आम्ही खीर केली.

आता एक सांगायचं राहिलं. तुमच्या मुलाला सोडून अजून कोणाला सांगितलेलं नाही. मला दिवस गेले आहेत. नजर लागू नये म्हणून आपण लेकरांना कचरा म्हणतो, धोंडा म्हणतो, आणि गावातले लोक मग आपल्याला जन्मभर तीच हाक मारतात. मी तसं करणार नाही. मुलगा होवो की मुलगी, हाक मारल्यावर मान वर करून ओ द्यावी, असंच नाव ठेवीन. हा माझा तुम्हाला शब्द.

तुमची सून,
भागी